आधी खूर पाहा, मग यंत्र लावा

आमच्या भागात तुळशीचे लग्न लागले की दोन माणसांना उसंत नसते. एक आचारी आणि दुसरा घोडीवाला. आचाऱ्याची भांडी आजारी पडत नाहीत. घोडीवाल्याची घोडी मात्र ऐन हंगामात लंगडायला लागते आणि घेतलेल्या सुपाऱ्या परत करायची पाळी येते. अशा वेळी माणूस भेटेल त्याला उपाय विचारत सुटतो. कोणी बिब्बा लावायला सांगतो, कोणी डाग द्यायला सांगतो, कोणी ओढ्याच्या पाण्यात उभी करायला सांगतो. गेल्या काही वर्षांत या यादीत आणखी एका उपायाची भर पडली आहे. तो म्हणजे करंटचे मशीन.

"साहेब, ते करंटचं मशीन घ्यावं का?" हा प्रश्न मला आतापर्यंत चार-पाच घोडेवाल्यांनी विचारला आहे. वास्तविक मी जनावरांचा डॉक्टर नाही. माझी पदविका कृषीची, काम पिकांचे. पण गावात सरकारी माणूस एकदा ओळखीचा झाला की त्याला तुरीवरच्या अळीपासून घोडीच्या पायापर्यंत सगळे विचारले जाते, आणि आपणही "मला ठाऊक नाही" असे सहसा म्हणत नाही. त्यातून काय घडते, ते मी स्वतः भोगले आहे. म्हणूनच हा लेख लिहिण्याचे धाडस करतो आहे.

माझी चूक

साधारण दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या सजेतल्या एका गावात एक घोडीवाले मामा आहेत. शेत नाही, पतसंस्थेचे कर्ज काढून घेतलेली एक पांढरी घोडी, तिच्यावर पाच माणसांचे घर. माघातल्या एका वरातीनंतर घोडी मागच्या पायाने लंगडायला लागली. मामांच्या ओळखीतला एकजण जत्रेतून यंत्र विकायचा. त्याने अठरा हजार सांगितले. मामांनी मला फोन केला, "साहेब, घेऊ का? काय अपाय तर नाही ना व्हायचा?" मी त्या वेळी पीक विम्याच्या कागदांत बुडालो होतो. म्हणालो, "अपाय काय व्हायचाय मामा, करून बघा."

मामांनी करून पाहिले. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास पट्ट्या लावल्या. दोन दिवस घोडी बरी वाटली, तिसऱ्या दिवशी पुन्हा पाय उचलून धरू लागली. विकणारा म्हणाला, "गुण यायला वेळ लागतो, कोर्स पुरा करा." असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी घोडीने चंदी सोडली, तेव्हा मामांनी तालुक्याहून डॉक्टर आणले. डॉक्टरांनी पाय उचलला, खूर खरवडून साफ केले आणि चिमट्याने दीड इंच गंजका खिळा बाहेर काढला. मांडवाचा खिळा होता तो. पू आत सांध्यापर्यंत पोहोचला होता.

घोडी वाचली. पण नवरदेवाला पाठीवर घेऊन वाजंत्रीपुढे नाचण्याचे तिचे दिवस संपले. मामा मला रागाने काही बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही नको म्हणला असता तर मी नसतं घेतलं." हे वाक्य मला आजही झोपू देत नाही.

विचार केला तर खिळा यंत्राने घातला नव्हता आणि यंत्राने घोडीला चटकाही दिला नव्हता. म्हणजे "अपाय नाही" हे माझे बोलणे कागदावर खरेच होते. पण यंत्राने अकरा दिवस खाल्ले. घोड्याच्या पायाला अकरा दिवस म्हणजे अपाय नव्हे तर काय?

हे यंत्र आहे तरी काय?

आपल्याकडे जनावर आणि वीज हे दोन शब्द एकत्र आले की डोळ्यांपुढे शर्यतीतली चोरटी बॅटरी येते. शर्यतीच्या जनावराला शॉक देणे ही क्रूरता आहे आणि १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. दुसरे आठवते ते शेताच्या कुंपणाचे झटका मशीन. त्यात दाब हजारो व्होल्टचा असतो, पण प्रवाह क्षणभराच्या ठोक्यांनी सोडलेला असतो. म्हणून डुक्कर पळते, मरत नाही. मायक्रोकरंटचे यंत्र या दोन्हींपेक्षा वेगळे आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. नाहीतर उगाच भीती तरी वाटते किंवा उगाच आशा तरी.

एक अँपियर म्हणजे १,००० मिलिअँपियर आणि एक मिलिअँपियर म्हणजे १,००० मायक्रोअँपियर. घरातला १० वॅटचा एलईडी दिवा साधारण ४० मिलिअँपियर, म्हणजे ४०,००० मायक्रोअँपियर प्रवाह घेतो. मायक्रोकरंट उपचारात दिला जाणारा प्रवाह १,००० मायक्रोअँपियरच्या आत, बहुधा काही दहा ते पाचशे मायक्रोअँपियर इतका असतो. म्हणजे दिव्याच्या ऐंशीव्या भागाहूनही कमी. तो जनावराला जाणवत नाही, त्याने स्नायू आखडत नाही की उडत नाही. दवाखान्यात माणसांच्या कंबरदुखीला मुंग्या आणणारे जे यंत्र लावतात, त्याचा प्रवाह मिलिअँपियरमध्ये असतो आणि तो चांगला जाणवतो. घोडा हे भित्रे जनावर. मुंग्या आल्या तर तो लाथ झाडेल. या यंत्राला मात्र तो शांत उभा राहतो, हे त्याचे एक वैशिष्ट्य.

यामागची कल्पना अगदीच हवेतली नाही. सजीवाच्या शरीरात सूक्ष्म वीज असते, हे जुने ज्ञान आहे. इटलीच्या गॅल्व्हानीने अठराव्या शतकाच्या शेवटी बेडकाच्या पायावर प्रयोग केले. १८४३ साली जर्मनीत द्यू ब्वा-रेमाँ या शास्त्रज्ञाने जखम झालेल्या जागेतून बारीक प्रवाह वाहतो, हे स्वतःच्या बोटावर मोजून दाखवले. हाडावर दाब पडला की त्यात वीज तयार होते, हे जपानच्या फुकादा आणि यासुदा यांनी १९५७ मध्ये दाखवले. पुढे १९८२ साली बेल्जियममध्ये चेंग आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या कातडीच्या तुकड्यांतून सूक्ष्म प्रवाह सोडला. तेव्हा पेशींत एटीपी हे ऊर्जा देणारे द्रव्य कित्येक पटींनी वाढलेले आढळले. महत्त्वाचे म्हणजे प्रवाह १,००० मायक्रोअँपियरच्या वर नेला तेव्हा ही वाढ टिकली नाही, उलट ती घसरली. "जितके जास्त तितके चांगले" हा हिशेब इथे लागू नाही. युरियाच्या गोणीचा अनुभव असलेल्या शेतकऱ्याला हे निराळे सांगायला नको.

विकणारे लोक हाच उंदराचा प्रयोग छापील पत्रकावर देतात आणि खाली लिहितात, "शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध." इथे थोडे थांबायला हवे. काचेच्या भांड्यातला उंदराच्या कातडीचा तुकडा वेगळा आणि चारशे किलो वजनाच्या घोडीचा मागचा पाय वेगळा. पहिल्यात जे घडले ते दुसऱ्यात घडेलच असे नाही. घोड्यांवर मोठ्या संख्येने आणि काटेकोरपणे केलेले प्रयोग फारच थोडे आहेत. माणसांत जखमा भरण्याला आणि दुखणे कमी होण्याला काही ठिकाणी फायदा दिसला, काही ठिकाणी दिसला नाही. म्हणून जाणकार पशुवैद्यक या उपचाराला "पूरक" म्हणतात. पूरक म्हणजे जोडीचा. जेवणात लोणचे असते तसा. लोणच्याने जेवणाला चव येते, पण नुसत्या लोणच्यावर कोणी जगत नाही.

शेजारचा वाफा कुठे आहे?

आम्ही शेतात प्रात्यक्षिक घेतो तेव्हा नवे खत टाकलेल्या वाफ्याशेजारी एक वाफा बिगरखताचा ठेवतो. तो नसेल तर पीक खताने आले की पावसाने आले, हे कळणार कसे? अनुभवी शेतकरी तर आम्हाला आधी तेच विचारतात, "साहेब, शेजारचा वाफा कुठाय?"

तोच प्रश्न यंत्रवाल्याला विचारा. घोड्याचा पाय मुरगळला, त्याला पंधरा दिवस कामाला लावले नाही, मऊ जागेत बांधले, थंड पाण्याचा शेक दिला आणि शिवाय यंत्रही लावले. घोडा बरा झाला. श्रेय कोणाला? किरकोळ मुरगळा नुसत्या विश्रांतीनेही बरा होतो. पण विश्रांतीची पावती फाटत नाही, यंत्राची फाटते. म्हणून नाव यंत्राचे होते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. शेजारच्या तालुक्यात एकाच्या घोडीला खोगीर घासून पाठीवर घाव झाला होता. तो कित्येक आठवडे भरत नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी घाव धुऊन, मेलेली कातडी काढून मलमपट्टी सुरू केली, खोगीर बंद केले आणि धनुर्वाताची लस दिली. मालकाकडे यंत्र होते. त्याने विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कडेने लावा, हरकत नाही. पण ड्रेसिंग चुकवायचं नाही." महिनाभरात घाव भरत आला. यंत्राने किती भरला हे ते डॉक्टरही सांगत नाहीत, मीही सांगणार नाही. पण मालक रोज अर्धा तास घोडीजवळ बसला, घावाकडे रोज बारकाईने पाहू लागला, खोगिराची फाटलेली गादी त्याच्या नजरेला आली आणि ती त्याने बदलली. यंत्राचा हाही एक गुणच म्हणायचा. आणि बिब्बा लावून कातडी उतरवणे किंवा तापल्या सळईने डाग देणे यापेक्षा न जाणवणारा प्रवाह केव्हाही बरा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

म्हणजे माझे म्हणणे यंत्र वाईट असे नाही. यंत्र कोणत्या नंबरला लावायचे, एवढाच प्रश्न आहे.

या चार दुखण्यांत यंत्राला हात लावू नका

तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलून आणि त्यांनी सांगितलेले पडताळून मी पुढील चार गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. घोडेवाल्यांनी त्या तबेल्यात चिकटवून ठेवाव्यात.

पहिले, खुरातला पू. काल बरा असलेला घोडा आज अचानक पाय टेकत नाही, खूर हाताला गरम लागते, खुराच्या वरच्या बाजूला नाडी जोरात उडते. असे असेल तर आत खिळा, काटा, खडा किंवा पू असण्याची शक्यता मोठी. याला एकच उपाय. डॉक्टरांकडून खूर तासून पूला वाट करून देणे. खिळा दिसला तर तो घाईने उपटू नका. तो कोठे आणि किती खोल गेला हे डॉक्टरांना पाहू द्या. मात्र घोडा त्यावर भार देऊन तो आणखी आत ढकलत असेल तर डॉक्टरांना फोन करून त्यांच्या सांगण्याप्रमाणे वागा.

दुसरे, धनुर्वात. सर्व पाळीव जनावरांत घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. अंग ताठ होणे, कान उभे राहणे, शेपटी ताठ होणे, डोळ्याच्या कोपऱ्यातला पडदा पुढे येणे, जबडा बसणे ही त्याची लक्षणे. एकदा झाला की घोडा वाचणे दुरापास्त. लस मात्र स्वस्त आहे. सुरुवातीला चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन टोचण्या आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दरवर्षी एक. अठरा हजारांच्या यंत्राआधी ही लस टोचली आहे का, हे स्वतःला विचारा.

तिसरे, डॉक्टर ज्याला लॅमिनायटिस म्हणतात ते दुखणे. यात खुराच्या आतला नाजूक थर सुजतो. धान्याच्या पोत्यात तोंड घालून घोड्याने भरमसाट खाल्ले, घोडी व्याल्यावर वार अडकली, किंवा कडक रस्त्यावर फार पळवले, तर हे होते. घोडा पुढचे पाय लांब पुढे टाकतो, भार मागच्या पायांवर घेतो, चालायला नकार देतो. हे तातडीचे दुखणे आहे. इथे दिवस नव्हे, तास मोजायचे असतात. उशीर झाला तर खुराच्या आतले हाड जागचे सरकते आणि घोडा कायमचा जातो.

चौथे, पायावरच्या गाठी. पायाच्या आतल्या बाजूने ओळीने गाठी येतात, त्या फुटून चिकट स्राव येतो, नाकातूनही घाण येते, तर तो ग्लँडर्स असू शकतो. हा रोग माणसालाही होतो आणि जीवघेणा ठरतो. २००६ साली या रोगाने देशात पुन्हा डोके वर काढले तेव्हा महाराष्ट्रातली जनावरे त्यात सापडली होती. २००९च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्यात त्याची नोंद आहे. संशय आला तरी कळवणे बंधनकारक आहे. अशा गाठींवर पट्ट्या चिकटवणे म्हणजे स्वतःच्या हाताने आग घरात आणणे. जत्रेत प्रात्यक्षिक दाखवताना एकाच पट्ट्या दहा घोड्यांना लावतात, हेही म्हणूनच बंद झाले पाहिजे.

या चारांखेरीज गाभण घोडीच्या पोटावर, छातीवर हृदयाच्या बाजूला, गळ्यावर, वाढणाऱ्या गाठीवर किंवा वाहत्या रक्तावर यंत्र लावू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, दुखणे काय आहे हे ठरल्याशिवाय कोठेच लावू नये. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे व्हायला नको.

लावायचेच असेल तर

डॉक्टरांनी तपासून होकार दिला असेल तर यंत्र लावायला हरकत नाही. कंडरेच्या, म्हणजे आपण बोलीत जिला शीर म्हणतो तिच्या दुखापतीत, जुन्या घावात, सांध्याच्या जुनाट दुखण्यात जोडीला म्हणून काही डॉक्टर ते वापरू देतात. त्या वेळी जागेवरचे केस भिजवून घ्यावेत, माती धुवावी. कोरड्या केसांवर पट्टी लावली तर प्रवाह आत जातच नाही आणि आपण नुसती बॅटरी जाळतो. तारा घोड्याच्या तोंडाला आणि पायाला लागणार नाहीत अशा बांधाव्यात. बॅटरीचेच यंत्र वापरावे. घरच्या विजेच्या बोर्डाला जोडून तबेल्यात ओल्या जमिनीवर उभ्या घोड्याला काहीही लावू नये. प्रवाह किती, वेळ किती, किती दिवस हे डॉक्टरांनी लिहून दिलेले असावे. तारीखवार वही ठेवावी. सात दिवसांत फरक नसेल किंवा लंगडणे वाढले तर यंत्र बाजूला ठेवून पुन्हा दाखवावे.

आणखी एक. दुखणे थोडे कमी झाले म्हणून घोडा कामाला जुंपू नका. शीर तुटली असेल तर ती नीट जुळून यायला आठ-दहा महिने, कधी वर्षही लागते. वरून सूज उतरते, आतली शीर कच्चीच असते. पाच हजारांच्या वरातीसाठी दीड लाखाची घोडी जाते. घाटात बैलांपुढे घोडी पळवणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

"पण डॉक्टर मिळतो कुठे?"

हा लेख वाचून घोडेवाले म्हणतील, "साहेब, उंटावरून शेळ्या हाकू नका. डॉक्टर मिळत नाही म्हणून तर मशीन घेतो." त्यांचे म्हणणे खरे आहे आणि ते गिळून टाकण्यात अर्थ नाही. आपले जनावरांचे दवाखाने गाई-म्हशींसाठी उभे राहिले. रेतन, लसीकरण, दूध हे त्यांचे काम. कित्येक ठिकाणी एका डॉक्टरकडे दोन-तीन दवाखान्यांचा कारभार असतो. त्यात घोड्यांची संख्याही घटत चालली. २०१२च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास असलेले घोडे-तट्टू २०१९च्या गणनेत साडेतीन लाखांच्याही खाली आले. ज्याची संख्या कमी त्याच्याकडे लक्ष कमी. शिवाय घोडे पाळतो कोण? वरातीची घोडी ठेवणारा भूमिहीन, तट्टावर संसार लादून फिरणारा मेंढपाळ, माथेरान-महाबळेश्वरला पर्यटक फिरवणारा, वीटभट्टीवर खेचर हाकणारा. यांचा मोर्चा निघत नाही आणि यांचा दूध संघही नाही.

पण डॉक्टर मिळत नाही याचा उपाय यंत्र नव्हे. पाणी नाही म्हणून रिकाम्या विहिरीवर मोटार बसवण्यासारखे ते आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा शासनाचा टोल फ्री क्रमांक आहे. तो लावा. पथक यायला वेळ लागला तरी फोनवर सल्ला मिळेल. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यक महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे आहेत. मोठे दुखणे असेल तर टेम्पोचे भाडे गेले तरी चालेल, पण तिथे न्यावे. यंत्राच्या किमतीत असे कित्येक फेरे होतात. नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज इतरांनी जनावरांवर उपचाराचा धंदा करू नये, असे १९८४चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा सांगतो. तेव्हा जत्रेतला यंत्रवाला "मी रोग बरा करतो" म्हणत असेल तर त्याला नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

ग्रामपंचायत काय करू शकते?

सरपंच, ग्रामसेवक आणि यात्रा समित्यांना माझी हात जोडून विनंती आहे. यासाठी मोठा निधी लागत नाही.

एक, गावातल्या घोडे, तट्टू, खेचर, गाढवांची नोंद करून ती यादी दवाखान्यात द्यावी आणि दरवर्षी दिवाळीनंतर, लग्नसराई लागण्यापूर्वी, धनुर्वात लसीचे एक दिवसाचे शिबिर मागून घ्यावे. मागितल्याशिवाय शिबिर येत नाही.

दोन, मांडव उतरवल्यावर जागा साफ करण्याची जबाबदारी मांडववाल्यावर टाकावी. पाच-पन्नास खिळे मातीत तसेच राहतात. त्यांवर घोडीच नव्हे, बैल आणि शाळेत जाणारी पोरेही पाय देतात.

तीन, नालबंद नाहीसा होत चालला आहे. दर सहा ते आठ आठवड्यांनी घोड्याचे खूर तासावे लागते. अर्धी लंगडी जनावरे वेडीवाकडी वाढलेली खुरे आणि चुकीची नाल यांमुळे असतात, असे जाणते नालबंद सांगतात. गावोगावच्या तरुणांना हे काम शिकवण्याची मागणी पंचायत समितीच्या ठरावातून वर गेली पाहिजे.

चार, जत्रा. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत, नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. लहानमोठे बाजार आणखीही आहेत. जिथे घोड्यांचा बाजार तिथे पशुवैद्यकाचे टेबल असावे, ग्लँडर्सच्या तपासणीचा कागद पाहिला जावा आणि उपचाराचे यंत्र विकणाऱ्याला त्या टेबलाच्या शेजारीच जागा द्यावी. "सर्व दुखण्यांवर रामबाण" असा फलक लावू देऊ नये. विक्रेत्याने पक्की पावती द्यावी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार करता येते, पण पावती नसेल तर तक्रार कशावर करणार?

माझ्यासारख्या विस्तार कार्यकर्त्यांनाही एक सांगणे आहे. आपल्या विषयाबाहेरचे कोणी विचारले तर "करून बघा" हे दोन शब्द तोंडातून काढू नका. आपल्याला ते सोपे वाटतात. ऐकणारा त्यावर घर पणाला लावतो. "मला यातले कळत नाही, डॉक्टरांना विचारू" म्हणावे आणि त्याच फोनवरून डॉक्टरांना लावून द्यावे. आपली किंमत त्याने कमी होत नाही.

मामांची घोडी आज त्यांच्या दारात उभी असते. विकायला काढली तर कसायाखेरीज गिऱ्हाईक नाही आणि मामांचा जीव तिला तसे द्यायला होत नाही. यंत्र कोनाड्यात धूळ खात पडले आहे. मामा आता दुसऱ्याच्या घोडीवर रोजाने लगाम धरायला जातात आणि वरात निघण्याआधी न चुकता एक गोष्ट करतात. खाली वाकून घोडीचा एकेक पाय उचलतात, खुरातली माती नखाने काढतात, अंगठ्याने दाबून पाहतात. याला पाच मिनिटे लागतात आणि पैसा एकही लागत नाही. सर्व घोडेवाल्यांनी आधी एवढे करावे. मग डॉक्टर, आणि डॉक्टर म्हणाले तर यंत्र. हा क्रम उलटा झाला की सगळेच उपाय वरातीमागून घोडे ठरतात.